जेवताना पाणी विष, मसूर तामसी? त्या मेसेजमधलं बरंचसं आयुर्वेदात नाहीच

गेल्या श्रावणापासून एक मेसेज आमच्या बेळगावच्या येळ्ळूर-वडगावकडच्या भजनी मंडळांच्या ग्रुपवर फिरतोय. वर लिहिलंय 'आयुर्वेद सांगतो'. सकाळी कडकडीत पाण्यात मध-लिंबू घ्या. जेवताना पाणी पिणं म्हणजे विष. लसूण, मसूर तामसी, मिरची तर चरकांनीच निषिद्ध सांगितलीय. दही-ताक बंद. आणि हे दोन महिने पाळलं की बीपी-शुगरच्या गोळ्या सोडा.

माझ्या आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, गोळ्या चालू ठेवून बाकी सगळं पाच आठवडे नेमानं केलं. पोट साफ होईना, तोंडाची चव गेली, जिना चढताना कठडा धरायला लागल्या. आयुर्वेदावर माझा विश्वास आहे, म्हणूनच त्याच्या नावावर हे खपवलेलं मला सहन होत नाही.

मधाचंच बघा. गरम केलेला किंवा गरम पदार्थाबरोबर घेतलेला मध घातक, असं चरकसंहिता आणि अष्टांगहृदय हे आयुर्वेदाचे दोन्ही जुने ग्रंथ सांगतात. कोमट पाण्यातल्या चमचाभर मधानं कुणी दगावतं असं मी म्हणत नाही. पण ज्या शास्त्राचं नाव घेतलं, त्याच्या बरोब्बर उलटा सल्ला पहिल्याच ओळीत आहे.

पाण्याचंही तेच. जेवणाआधी पाणी पिणारा कृश होतो, शेवटी पिणारा स्थूल, आणि जेवताना मध्ये मध्ये पिणाऱ्याचं शरीर सम राहतं, हे अष्टांगहृदयाचं सांगणं. पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक वाऱ्याला मोकळा ठेवायचा, हेही त्यातच आहे. 'विष' हा शब्द येतो तो चाणक्यनीतीतल्या श्लोकात, आणि तिथं विष म्हटलंय जेवण संपल्यावरच्या पाण्याला. जेवतानाच्या पाण्याला तोच श्लोक अमृत म्हणतो! जोंधळ्याची भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय खाऊन बघा. आत्यांचा घास घशात अडकायचा आणि त्या तशाच बसून राहायच्या.

आता लसूण. 'तामसी' ही व्रताची, साधनेची भाषा आहे. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे, आत्याही सोडतात. पण ते नेमासाठी, पचनासाठी नव्हे. वैद्यकात लसणाचा मान मोठा. अष्टांगहृदयात तो रसायनांमध्ये, म्हणजे शरीराला बळ देणाऱ्या औषधांमध्ये येतो. 1890 साली मध्य आशियात कुचाजवळ सापडलेल्या जुन्या हस्तलिखितातला पहिलाच ग्रंथ लसणाच्या गुणांवर आहे. मिरची मात्र चरकांना ठाऊकच नव्हती, ती पोर्तुगीजांबरोबर आली. ग्रंथातलं 'मरिच' म्हणजे काळी मिरी. संकेश्वरी मिरची कुणाला सोसत नसेल तर त्यांनी जरूर कमी करावी, पण त्यासाठी चरकांना साक्षीला आणू नये.

मसुराबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तो आमच्या शिवारातला. भात निघालं की त्याच ओलीवर मसूर पेरतात, आणि पुढं घराघरात आमटी होते. चरक मसुराला गोड, थंड, रूक्ष आणि मल बांधणारा म्हणतात. म्हणजे पोट सैल असेल तर तो उपयोगी, आणि ज्यांना आधीच खडा होतो त्यांनी रोज खाऊ नये. हा गुणधर्म झाला, त्यात पाप कुठं आलं? शिवाय रूक्षपणा मोडायची सोय आमच्या बायकांनी कधीच केलीय: मसूर रात्रभर भिजवायचे, तेलात जिरं-लसणाची फोडणी, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, आणि ताटात वाढताना वरून तूप. अन्न पारखताना चरक आठ गोष्टी बघायला सांगतात. द्रव्याचा मूळ स्वभाव ही त्यातली एक. त्यावर केलेला संस्कार, कशाशी मिसळलं, किती खाल्लं, कुठल्या मुलखात, कुठल्या ऋतूत, कुठल्या नियमानं आणि खाणारा कोण, या बाकीच्या सात. खानापूरच्या जंगलकाठी पावसात भिजणारा आणि अथणीच्या कोरड्या उन्हात राबणारा, या दोघांना एकच यादी कशी लागू पडेल?

दह्याबाबत मेसेज अर्धा बरोबर आहे. रात्री दही खाऊ नये, हे चरकांनी स्पष्ट म्हटलंय. पण ताक म्हणजे दही नव्हे. मूळव्याध आणि ग्रहणी (पचन बिघडून वारंवार पोट बिघडणं) या दोन्हींच्या चिकित्सेत ताकाला मोठं स्थान आहे. आता दुपारी मी घुसळून लोणी काढते, ताकात भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर हिंग आणि सैंधव घालते, आणि आत्या ते भाकरीबरोबर घोट घोट घेतात. आठवडाभरात त्यांचं पोट मार्गी लागलं.

गोळ्यांचं काय? शुगर आणि बीपी वाढलेलं पुष्कळदा जाणवतच नाही, त्यामुळं 'बरं वाटतंय' म्हणून गोळी सोडणं सगळ्यात धोक्याचं. ती कमी करायची की नाही, ते तपासणी करून डॉक्टर ठरवतील. वैद्यांकडं जायचं असेल तर अवश्य जा, फक्त चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या आणि त्यांच्यासमोर ठेवा.