‘लोकसंख्येचं रडगाणं बंद करा’ या कॉमेंटला उत्तर

नमस्कार. तुमच्या कॉमेंटला खाली दोन ओळीत उत्तर देणं बरं वाटेना म्हणून वेगळं लिहितोय. ज्यांनी कॉमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की नेब्रास्का हे अमेरिकेतलं जेमतेम वीस लाखांचं राज्य, त्यामुळे तिथल्या युनिव्हर्सिटीच्या (अमेरिकन) फुटबॉल टीमला घरच्या पोरांवर भागवता येत नाही आणि रिक्रूटिंगमध्ये, म्हणजे शाळांमधून खेळाडू मिळवण्यात, हीच त्यांची मोठी अडचण आहे. त्यावर तुम्ही म्हणता, याच राज्याने पाच नॅशनल चॅम्पियनशिप जिंकल्या तेव्हा लोकसंख्या काय जास्त होती का? न्यूयॉर्कमध्ये दोन कोटी माणसं, तिथून कोण येतं? लुइझियाना ४६ लाखांचं, तिथून रांग लागते. आणि कोल्हापूरच्या मल्लांचं उदाहरण देऊन तुम्ही म्हणता की सगळा खेळ कोच आणि कल्चरचा आहे, बाकी हरणाऱ्या टीमसाठी शोधलेली कारणं.

न्यूयॉर्कचं तुमचं म्हणणं बरोबरच आहे, आणि ते माझ्या मुद्द्याच्या विरोधात जात नाही. डोकी मोजून खेळाडू मोजता येत नाहीत. फुटबॉलला मोठं मैदान लागतं, पन्नास-साठ पोरांचं सामान लागतं, शाळेत पगारी कोच लागतात. टेक्सासमध्ये हे सगळं शाळेच्या टाइमटेबलमध्येच बसवलेलं असतं, डॅलसजवळच्या अॅलन गावातल्या हायस्कूलने २०१२ मध्ये ६ कोटी डॉलरचं १८ हजार सीट्सचं स्टेडियम उघडलं. न्यूयॉर्क शहरातला उंच, चपळ पोरगा बास्केटबॉलच्या कोर्टवर जातो कारण कोर्ट गल्लीच्या टोकाला आहे.

आणि अजून एक गोष्ट जी आपण मराठी लोक इकडे अमेरिकेत उशिरा आल्यामुळे बऱ्याचदा विसरतो. १९६५-६६ ची उत्तरेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीची जबरदस्त टीम घ्या. त्यातला बुबा स्मिथ टेक्सासमधल्या बोमाँटचा, जॉर्ज वेब्स्टर साउथ कॅरोलिनाचा. एवढे तगडे खेळाडू हजार मैल लांब का गेले? कारण ते काळे होते आणि दक्षिणेतल्या मोठ्या युनिव्हर्सिट्या त्यांना घेतच नव्हत्या. साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये (दक्षिणेतल्या युनिव्हर्सिट्यांची लीग) पहिला काळा फुटबॉलपटू मैदानात उतरला तो १९६७ मध्ये, केंटकीकडून. म्हणजे टॅलेंट घराशेजारी होतं आणि दार बंद होतं. दक्षिणेची लोकसंख्या एका रात्रीत वाढली नाही, दार उघडलं, आणि मग ती पोरं घरी राहायला लागली. त्यामुळे लोकसंख्या हेच एकमेव कारण असं मी म्हणत नाही, मागच्या पोस्टमध्येही म्हटलं नव्हतं.

माझं म्हणणं वेगळं आहे. छोट्या राज्यातली पोरं कमी प्रतीची असतात असं अजिबात नाही. छोट्या राज्याचा भरवसा नसतो, एवढंच. समजा एखाद्या राज्यातून वर्षाला सरासरी चार टॉपचे खेळाडू निघतात. मग एखाद्या वर्षी सात निघतील, एखाद्या वर्षी एकच, आणि तो एकही नेमका तुमच्याकडे आधीच दोन आहेत त्या पोझिशनचा. जिथे सरासरी साठ आहे तिथे वाईट वर्षी पंचेचाळीस निघतात, कोचची झोप उडत नाही. कॉलेज टीमला दरवर्षी वीस-पंचवीस नवी पोरं लागतात, आणि तीही प्रत्येक जागेसाठी वेगळी, लाइनवरचा तीनशे पाउंडांचा गडी वेगळा, मागे पळून पास अडवणारा कॉर्नरबॅक वेगळा. इथे लोकसंख्या चावते.

आता पाच चॅम्पियनशिपकडे येतो. १९७०, १९७१, १९९४, १९९५, १९९७. त्या टीम्स कुठून आल्या होत्या हे बघा ना. १९७१ मध्ये ओक्लाहोमाला ३५-३१ हरवलं त्या मॅचमध्ये चार टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं) केले मकूकच्या जेफ किनीने, पंट (समोरच्या टीमने लाथेने मारलेला बॉल) रिटर्न केला ओमाहाच्या जॉनी रॉजर्सने, दोघंही घरचे. पण डिफेन्सच्या मधोमध उभा असलेला रिच ग्लोव्हर न्यू जर्सीचा. १९९५ चा क्वार्टरबॅक (पास फेकणारा, खेळ चालवणारा) टॉमी फ्रेझियर फ्लोरिडाचा, आमन ग्रीन ओमाहाचा, ग्रँट विस्ट्रम मिझुरीचा.

मला या बाबतीत सगळ्यात जास्त शिकवणारी मॅच नेब्रास्काने हरलेली आहे. २ जानेवारी १९८४, ऑरेंज बोल, मायामी ३१ नेब्रास्का ३०. नेब्रास्काचा क्वार्टरबॅक टर्नर गिल टेक्सासच्या फोर्ट वर्थचा. त्या सीझनची हाइझमन ट्रॉफी (कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूची) घेतलेला माइक रोझियर न्यू जर्सीचा, रिसीव्हर अर्व्हिंग फ्रायरही न्यू जर्सीचाच. आणि त्यांच्या पुढे लाइनवर डीन स्टाइनकूलर, नेब्रास्कातल्याच बर नावाच्या अगदी छोट्या खेड्यातला. फंबलरूस्की म्हणून जो प्ले प्रसिद्ध आहे, जमिनीवर मुद्दाम सोडलेला बॉल उचलून एवढा मोठा लाइनमन टचडाउनपर्यंत पळाला, तो हाच. त्याच्या आधी सेंटर होता ओमाहाचा डेव्ह रिमिंग्टन, त्याने लाइनमनसाठीची आउटलँड ट्रॉफी १९८१ आणि १९८२ अशी लागोपाठ घेतली, ८३ ची स्टाइनकूलरने घेतली, आणि १९९४ ला पुन्हा एक घरचा, फ्रीमाँटचा झॅक वीगर्ट. म्हणजे दणकट लाइनमन राज्य स्वतः देत होतं आणि वेग बाहेरून यायचा. तेव्हाचा कोच टॉम ऑस्बर्नची पद्धत अशी होती, आणि ती लोकसंख्येची अडचण मान्य करूनच उभी केलेली होती.

समोर मायामी. हाउअर्ड श्नेलनबर्गर १९७९ मध्ये तिथे कोच झाला आणि त्याने साउथ फ्लोरिडाभोवती जणू कुंपण घातलं, इथली पोरं इथेच राहतील, बाहेरचे थोडेच घेऊ. त्याचा क्वार्टरबॅक बर्नी कोझार ओहायोचा होता, असे अपवाद होतेच. पण त्या कुंपणाच्या आत, म्हणजे डेड (मायामी), ब्रॉवर्ड (फोर्ट लॉडरडेल) आणि पाम बीच या तीनच काउंट्यांमध्ये, १९८० ला ३२ लाख माणसं होती. अख्ख्या नेब्रास्का राज्यात तेव्हा १५ लाख ७० हजार. हीच आयडिया लिंकनमध्ये, म्हणजे नेब्रास्का युनिव्हर्सिटीच्या गावात, बसून कितीही हुशार कोचने केली असती तरी चालली नसती. म्हणून कोच महत्त्वाचा हे मान्य करूनही मी म्हणतो की कोचला काय करता येईल हे तो कुठे उभा आहे त्यावर ठरतं.

आणि ‘तेव्हा लोकसंख्या काय जास्त होती का’ याचं उत्तर आकड्यातच आहे. १९७० च्या जनगणनेत नेब्रास्का १४ लाख ८० हजार, फ्लोरिडा ६८ लाख, म्हणजे साडेचार पट. टेक्सास १ कोटी १२ लाख, साडेसात पट. २०२० ला नेब्रास्का १९ लाख ६० हजार, फ्लोरिडा २ कोटी १५ लाख, अकरा पट, टेक्सास २ कोटी ९१ लाख, जवळजवळ पंधरा पट. नेब्रास्का वाढलं हो, पण बाकीचे कुठल्या कुठे गेले. नेमका हाच पेन्सिल्वेनियाचाही प्रॉब्लेम आहे. जो नेमथ, जो मॉन्टॅना, डॅन मरिनो, जिम केली हे सगळे क्वार्टरबॅक पिट्सबर्ग आणि त्याच्या आजूबाजूच्या पट्ट्यातले, मग स्टील मिल्स बंद पडल्या, तरुण कुटुंबं दक्षिणेकडे गेली. तिथल्या गावांचं फुटबॉलवरचं प्रेम आटलं असं कोणी म्हणू नये, पोरंच कमी झाली.

लुइझियानाबद्दल मात्र तुम्ही एक गोष्ट सोडली. तिथे मोठ्या कॉन्फरन्समधली टीम एकच, एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी). टेक्सासमध्ये आता सात आहेत, घरातल्या घरातच ओढाताण. २०१९ च्या चॅम्पियन एलएसयू टीममध्ये जमार चेस, जस्टिन जेफरसन, डेरेक स्टिंगली हे सगळे राज्यातलेच, आणि जेफरसनच्या मागे तर मोठ्या टीम्स लागल्याही नव्हत्या. माणशी खेळाडूंचं प्रमाण लुइझियानाचं खरंच भारी आहे. तरी क्वार्टरबॅक जो बरो ओहायोतून आणला.

शेजार पण बघा. अलाबामा युनिव्हर्सिटीच्या टस्कलूसामधून अटलांटासारखं मोठं शहर दोनशे मैल. लिंकनहून डेन्व्हर किंवा शिकागो गाठायला पाचशे मैलांच्या आसपास, आणि शेजारी कोण तर आयोवा ३२ लाख, कॅन्सस २९ लाख, साउथ डकोटा जेमतेम ९ लाख. त्यात २०११ ला उत्तरेकडच्या बिग टेन कॉन्फरन्समध्ये गेल्यावर टेक्सासमधल्या दरवर्षीच्या मॅच संपल्या. टेक्सासमधल्या आईला ‘पोराची मॅच घराजवळ बघायला मिळेल’ हे सांगायची सोयच गेली.

कोल्हापूरचं म्हणाल तर शाहू महाराजांनी राजाश्रय दिला, तालमी उभ्या राहिल्या, आणि त्या तालमीत राहायला गावोगावची, परजिल्ह्यातली पोरं आली. आजही येतात. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने बोलतंय.

राहिलं ‘कारणं देणं’. मी टीमला सूट देत नाहीये, उलट छोट्या राज्याच्या टीमला चूक परवडतच नाही असं माझं म्हणणं आहे. ओमाहा साउथ हायस्कूलचा नोआ फँट शेजारच्या आयोवाला गेला आणि २०१९ ला एनएफएलच्या (व्यावसायिक लीग) पहिल्या राउंडमध्ये निवडला गेला. टेक्सासमधून असा एक गेला तर कोणाला कळतही नाही. नेब्रास्कात असा पोरगा चार वर्षांतून एकदा येतो. तो जाऊ देणं हा गुन्हा आहे, आणि तिथे कोचिंग स्टाफवर तुमच्याइतकाच मीही चिडतो.

खरी काळजी मला पुढची आहे. नेब्रास्काने ही कमतरता भरून काढली ती वॉक-ऑन पोरांवर, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय, राज्यातली कमी फी भरून टीममध्ये येणारी. ब्रेनर्ड गावचा जोएल मकोविका असाच आला आणि चॅम्पियन टीमचा फुलबॅक झाला. पोरं कमी म्हणून अकराऐवजी आठ-आठ जणांचं फुटबॉल खेळणाऱ्या शाळांमधून आलेल्या अशा पोरांना वाढायला तीन-चार वर्षं लागतात आणि तेव्हा टीममध्ये दीडशेच्या घरात पोरं ठेवता यायची. २०२५ च्या कोर्ट सेटलमेंटनंतर एकूण रोस्टरच, म्हणजे टीममधल्या पोरांची मर्यादा, १०५ वर आलंय. मोठ्या राज्यांच्या टीम तयार पोरं घेतात, त्यांना फार झळ बसणार नाही. लिंकनला मात्र अठराव्या वर्षी कच्चा वाटणारा शेतकऱ्याचा पोरगा ठेवायला जागाच उरत नाही, आणि हा नियम राज्याची लोकसंख्या बघून केलेला नाही. यावर तुमचं काय मत आहे ते नक्की लिहा, त्या टीम्स तुम्हीही प्रेमाने बघितल्यात हे कॉमेंटवरून कळतंच आहे.