‘जपानी इंजिन मरत नाही’: एका फिरत्या मेसेजला मुद्द्यांनिशी उत्तर

ठाणे, कल्याण, नवी मुंबईतल्या गाडीवेड्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरतो. थोडक्यात मजकूर असा: ‘नव्या गाडीत पैसे घालू नका. चार-पाच लाखांत जुनी जपानी परफॉर्मन्स कार घ्या. जपानी इंजिन मरत नाही. एमएच-०४ (ठाणे) आणि एमएच-४३ (नवी मुंबई) पासिंगच्या गाड्या कमी चाललेल्या असतात, डोळे झाकून घ्या. इंजिन जितकं मोठं तितकी गाडी जास्त पळते. आधीच मॉडिफाय केलेली मिळाली तर लाखाचं काम फुकटात. स्पेअर सगळे कुर्ल्याला मिळतात. बजेट असेल तर २५ वर्षं पूर्ण झालेली निसान स्कायलाइन किंवा टोयोटा सुप्रा आता थेट जपानहून कायदेशीरपणे आणता येते.’

हे वाचून गाडी शोधायला निघणारी मुलं बहुतेक पहिल्या-दुसऱ्या नोकरीतली असतात. थोडे साठवलेले, थोडे घरून घेतलेले, अशा पैशांतून गाडी येते. मला या गाड्या मनापासून आवडतात. होंडाच्या पहिल्या पिढीच्या सिटी व्हीटेकचा आवाज वरच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे वाढले की) बदलतो तेव्हा आजही अंगावर काटा येतो. आवडतात म्हणूनच हे लिहितोय. चुकीची गाडी गळ्यात पडली की मुलगा दोन वर्षांत कंटाळून ती भंगारात देतो, आणि चांगली वाचवता आली असती अशी आणखी एक गाडी संपते.

‘जपानी इंजिन मरत नाही’

तेल वेळेवर बदललं, कूलंट भरलेला राहिला, बेल्ट बदलला गेला, तर ही इंजिनं खरोखर खूप चालतात. मेसेजने नेमका हा ‘तर’ गाळलाय. सिटी १.५ला टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा आहे. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड खाली उतरवावं लागतं. बेल्ट बदलल्याचं बिल समोर नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरा, आणि बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप यांचा खर्च वजा करूनच भावाला बसा. आपल्याकडे २००६ ते २०१३ या काळात विकल्या गेलेल्या आठव्या पिढीच्या होंडा सिव्हिकच्या १.८ इंजिनाला बेल्टऐवजी चेन आहे. तिथे ही धास्ती नाही, पण चेनसुद्धा तेलाच्याच भरवशावर चालते. व्हीटेक, म्हणजे वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा, तर तेलाच्या दाबावरच काम करते. तिच्या सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या झडपेच्या) तोंडाशी बारीक जाळी असते. तेल बदलायला टाळाटाळ झाली की तिच्यात गाळ अडकतो, आणि वर जिथे गाडीने झेप घ्यायची तिथे ती नुसतीच ओरडते.

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा, ‘दादा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा पिऊन परत या आणि दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या. गार इंजिनाच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात पुष्कळ कळतं. सुरू होताच किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर निळा धूर आला तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेत. जोर लावताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगांचं काम आहे. त्यापुढे कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी, करून घ्याच. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एकच खूप खाली असेल तर तिथून निघा.

‘आपल्या पासिंगच्या गाड्या कमी चाललेल्या असतात’

सगळ्यात जास्त नुकसान हा मुद्दा करतो. इंजिन बांधता येतं. सडलेला पत्रा मात्र पुन्हा कंपनीतून आल्यासारखा होत नाही.

आधी ‘कमी चाललेली’ म्हणजे काय ते बघू. घोडबंदर रोडवरून रोज ऑफिसला जाणारी गाडी सरासरी ताशी १५ किलोमीटरने चालली असं धरा. तिच्या मीटरवर ४०,००० दिसतात तेव्हा इंजिन सुमारे २,६७० तास चाललेलं असतं. नाशिक-पुणे करणारी, सरासरी ६०ने चाललेली गाडी तेवढ्याच तासांत १,६०,००० किलोमीटर करते. इंजिनाचे तास सारखेच. त्यात पहिल्या गाडीचा क्लच, गिअरबॉक्स आणि रेडिएटरचा पंखा कितीतरी जास्त झिजलेला. तरी बाजारात पहिलीलाच जास्त भाव मिळतो. आणि हे मीटर खरं असेल तर. मीटर मागे करणं हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे. म्हणून स्टिअरिंगची चकाकी, क्लच पेडलचं झिजलेलं रबर, ड्रायव्हर सीटची बसलेली कड मीटरच्या आकड्याशी जुळते का ते बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘१४१९’ म्हणजे २०१९ सालचा चौदावा आठवडा. २०१८च्या गाडीवर २०१९चे ‘मूळ’ टायर असू शकत नाहीत.

आता पत्रा. ऐरोली, वाशी, नेरूळ, सीवूड्स ही खाडीकाठची वस्ती. हवेत मीठ, वर पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. दाराखालच्या पट्टीत पाणी निघून जायला भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पट्टी आतून सडते आणि बाहेरून रंग मात्र सुंदर दिसत राहतो. जुन्या सिटीत मागच्या चाकांच्या कमानी, बूटचं कार्पेट उचलल्यावर स्टेपनीची खोबण आणि दाराखालची पट्टी बोटाने दाबून बघा. पोकळ आवाज आला किंवा जाड पुटी (खड्डे भरायची पेस्ट) लागली तर चुंबक लावा. चुंबक चिकटला नाही तर तिथे पत्र्याऐवजी पुटी आहे.

पुराचं पाणी ही याहून मोठी भीती. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्यानंतर कितीतरी बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून बाजारात आल्या. पण तेवढा मोठा पूर यावाच लागतो असं नाही. कळंबोलीत पाणी भरतं, ठाण्यात वंदना सिनेमाच्या परिसरात भरतं, आणि नव्या इमारतींच्या तळघरातल्या स्टॅक पार्किंगच्या खड्ड्यांत तर सोसायटीबाहेर कुणाला पत्ताही न लागता भरतं. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, पाण्याची रेघ पट्ट्यावर राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का ते बघा. फ्यूज बॉक्सजवळचे कनेक्टर उघडून हिरवट थर शोधा. गाडीत उग्र परफ्यूमचा वास येत असेल तर कार्पेटखाली हात घालाच.

टेस्ट ड्राइव्हला विकणारा बहुधा पाम बीच रोडवर नेतो. नम्रपणे नकार द्या. तो रस्ता गुळगुळीत आहे, तिथे सस्पेन्शनचं दुखणं कळत नाही. घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर काचा खाली करून, म्युझिक बंद ठेवून, पहिल्या-दुसऱ्या गिअरात चालवा. लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकअप असे सस्पेन्शनचे सगळे भाग बोलायला लागतात.

‘मोठं इंजिन म्हणजे वेगवान गाडी’

हे साध्या भागाकाराने मोडतं. सिटी व्हीटेक साधारण एक टनाची आणि १०६ अश्वशक्तीची. मित्सुबिशी सेडिया दोन लिटरची खरी, पण ११५ अश्वशक्ती आणि वजन सव्वा टनाच्या आसपास. १.८ची सिव्हिक १३०च्या आसपास अश्वशक्तीची, तीही सव्वा टनाच्या घरात. टनामागे बघितलं तर सिटी आणि सिव्हिक जवळजवळ बरोबरीत, आणि दोन लिटरची सेडिया त्यांच्या मागे. सेडियाची मजा तिच्या चासीत आणि वळणावरच्या पकडीत आहे. ज्याला ती हवी आहे त्याने जरूर घ्यावी, पण ‘दोन लिटर आहे, सगळ्यांना मागे टाकते’ म्हणून नको.

पहिली गाडी घेणाऱ्याने माझं ऐकायचं ठरवलं तर मी मारुती सुझुकीची बलेनो आरएस सांगेन. २०१७ ते २०२० मध्ये मिळायची. एक लिटरचं टर्बो बूस्टरजेट, १०२ अश्वशक्ती, वजन टनाच्या आत, चारही चाकांना डिस्क ब्रेक. नाव ऐकून कुणी वळून बघत नाही, म्हणूनच बऱ्या स्थितीतली सापडते. त्यानंतर मॅन्युअल सिव्हिक, मात्र खालून नीट बघितलेली. ती गाडी बसकी आहे आणि आपले स्पीडब्रेकर उंच. २०१९-२०ची दहाव्या पिढीची सिव्हिक देखणी आहे, पण पेट्रोलमध्ये फक्त सीव्हीटी ऑटोमॅटिक मिळायची आणि इंजिन टर्बोचं नव्हतं. ‘टर्बो आहे’ असं म्हणून कुणी विकत असेल तर तो परदेशातली माहिती तुमच्या गळ्यात मारतोय.

‘मॉडिफाय केलेली घ्या, काम फुकटात’

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मालक म्हणजे त्या दिवशी ज्याच्या नावावर गाडी आहे तो, म्हणजे तुम्ही. विमा कंपनीला न सांगितलेले बदल अपघातानंतर क्लेमच्या आड येतात ते वेगळंच.

इंजिन बदललेलं असेल तर ब्लॉकवरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. ‘एजंट चढवून देईल’ हे उत्तर ऐकून टोकन देऊ नका.

सेडियावर ईव्होचा (मित्सुबिशीच्याच वेगवान लान्सर इव्होल्यूशनचा) बंपर आणि पंख चढवून ‘ईव्हो’ म्हणून फिरणाऱ्या गाड्या पुष्कळ. हे भाग चढतात, कारण ईव्हो ७ ते ९ त्याच पिढीच्या लान्सरच्या सांगाड्यावर बांधलेल्या होत्या. ओळखायला सोपं आहे. ईव्होची चारही चाकं ओढतात, म्हणून मागच्या बाजूला खाली डिफरन्शियल दिसायलाच हवं. त्या ईव्होंचं बॉनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे असतात, त्यांना चुंबक चिकटत नाही. नुसता देखावा म्हणून कुणाला असं आवडत असेल तर त्यात वाईट काही नाही, फक्त किंमत सेडियाची द्यावी.

‘स्पेअर सगळे कुर्ल्याला मिळतात’

मिळतात, पण कुठले? होंडाचे सर्व्हिसचे भाग अजून रीतसर मिळतात. मित्सुबिशीच्या कार आपल्याकडे विकायच्या थांबून बरीच वर्षं झाली, त्यामुळे हेडलाइट, सेन्सर, दाराची रबरं हे दुसऱ्या गाडीवरून काढलेलंच हाती येतं. कुर्ल्यातल्या सीएसटी रोडवरच्या काढलेल्या भागाला गॅरंटी नसते. गाडी ठरवण्याआधी तिचे चार महागडे भाग निवडून दुकानात भाव विचारून या. आणखी एक: आता बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, आणि जुन्या सिटी-लान्सरचे पेट्रोलचे पाइप आणि सील त्या हिशेबाने बनलेले नाहीत. घेतल्यावर पहिल्याच सर्व्हिसला ते बदला. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं हा आगीचा धोका आहे.

‘२५ वर्षांची स्कायलाइन कायदेशीरपणे आणता येते’

अमेरिकेत आणता येते. तो २५ वर्षांचा नियम तिथला आहे. जानेवारी १९९९ मध्ये आलेली आर३४ स्कायलाइन जीटी-आर २०२४ मध्ये तिथे खुली झाली, त्याच्या बातम्या आणि रील्स आपल्याकडे पोहोचल्या आणि कुणीतरी तो नियम आपलाच समजून टाकला.

आपला नियम जवळजवळ उलटा आहे. वापरलेली कार आयात करायची तर ती तयार होऊन तीन वर्षांहून जास्त झालेली चालत नाही. ती उजव्या स्टिअरिंगची हवी, परदेशातल्या तपासणीचं प्रमाणपत्र हवं, आणि ती मुंबई बंदरातूनच उतरवावी लागते. आयात शुल्क आणि त्यावरचे कर धरले की मूळ किमतीच्या दुपटीहून जास्त पैसे जातात. १९९३ ते २००२ या काळात बनलेली सुप्रा किंवा २००२ला थांबलेली माझ्दा आरएक्स-७ या चौकटीत बसतच नाही.

मग रस्त्यावर दिसतात त्या कुठून आल्या? काही जुन्या काळी रीतसर आल्या. पण काही कार्नेटवर, म्हणजे तात्पुरत्या परवान्यावर आणून परत नेलेल्याच नाहीत, आणि काहींवर दुसऱ्याच गाडीचे कागद चढवलेत. अशी गाडी सीमाशुल्क खात्याने उचलली की गाडीही जाते आणि पैसेही. ज्याने विकली तो तोवर फोन उचलायचं बंद करतो. मोठं बजेट असणाऱ्याने इथे अधिकृतपणे विकल्या गेलेल्या गाड्यांकडेच वळावं: ईव्हो एक्स, निसानची ३७०झेड, २०१६ला आलेली निसानचीच जीटी-आर. त्यातही ईव्हो एक्सच्या ट्विन क्लच गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर बदलल्याची बिलं नसतील तर ती सोडा.

मेसेजमध्ये नसलेलं: कागद

सिटी व्हीटेक आज २० वर्षांहून जुनी आहे. १५ वर्षांनंतर फिटनेस करून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी १०,००० रुपये झाली आहे. आरसीवरची मुदत बघा. ती चार महिन्यांत संपत असेल तर फिटनेस करून देण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाका, आणि तसं लिहून घ्या. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून बँकेचा बोजा, विमा आणि थकलेली ई-चलनं तपासा. गाडी दिल्लीहून आलेली असेल तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स भरल्याची पावती हातात घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

‘संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय’ हे तर प्रत्येकच विकणारा म्हणतो. येऊ द्या. टोकन द्यायचंच असेल तर रोख देऊ नका, आरसीवरच्या मालकाच्याच खात्यावर द्या. पावतीवर गाडीचा नंबर लिहा, आणि कॉम्प्रेशन टेस्ट किंवा कागदांत खोट निघाली तर टोकन परत, हे वाक्य लिहून दोघांच्या सह्या घ्या. सही करायला नाही म्हणणाऱ्याची गाडी घेऊ नका, मग ती किती का चकचकीत असेना.