गव्हालाही मूत्रपिंडे असतात काय?

माझी थोरली आत्या गेली दोन वर्षे आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाते. गेल्या शुक्रवारी तिचा फोन आला आणि नेहमीची जेवणखाण्याची चौकशी न करता तिने एकदम विचारले, "तू ती हिब्रू शिकला आहेस ना रे, मग खरे सांग, माझ्या हातून कोणते पाप घडले?" तिच्या महिला मंडळाच्या गटावर एक लांबलचक संदेश आला होता आणि तिने तो तीनदा वाचला होता. त्याच आठवड्यात तो मला आणखी चौघांनी पाठवला. त्यांत एक पाळकसाहेबही होते, आणि त्यांनी खाली हात जोडलेली चित्रे टाकली होती.

"मराठी बायबलने तुमच्यापासून काय लपवले?" असे त्या संदेशाचे शीर्षक आहे. आतला मजकूर थोडक्यात असा: हिब्रू शास्त्राचे, म्हणजे जुन्या कराराचे, खरे भाषांतर शब्दाला शब्द असेच होऊ शकते, शब्द बदलणे म्हणजे देवाचे वचन बदलणे, मराठी भाषांतरकारांनी 'मूत्रपिंडे' काढून 'अंतर्याम' घातले आणि त्यामुळे गुप्त पापाची शिक्षा मूत्रपिंडांना होते हे सत्य झाकले गेले, मुळातल्या 'लांब नाकाच्या' देवाला त्यांनी 'मंदक्रोध' केले, मोशेला शिंगे फुटली ती अशाच स्वैर भाषांतरामुळे, हिब्रू अक्षरे ही चित्रे असल्यामुळे प्रत्येक शब्दाचा गुप्त अर्थ त्या चित्रांत आहे, आणि मराठी बायबल मुळात इंग्रजीवरूनच उतरवलेले आहे. लिहिणाऱ्याने नाव दिलेले नाही.

मूत्रपिंडांचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे अज्ञान आहे आणि हा क्रूरपणा आहे.

हिब्रूत 'केलायोत' म्हणजे मूत्रपिंडे, आणि स्तोत्र ७:९, स्तोत्र १६:७, यिर्मया १७:१० अशा ठिकाणी मूळ शब्द तोच आहे, एवढे खरे. पण तोच शब्द शास्त्रात इतरत्र काय काय करतो, हे संदेश लिहिणाऱ्याने पाहिलेले दिसत नाही. स्तोत्र १६ मध्ये मूत्रपिंडे रात्री कवीला बोध करतात. नीतिसूत्रे २३:१६ मध्ये मुलाच्या तोंडून योग्य शब्द निघाले की बापाची मूत्रपिंडे हर्षित होतात. यिर्मया १२:२ मध्ये दुष्टांच्या मुखाजवळ देव आहे, पण त्यांच्या मूत्रपिंडांपासून तो दूर आहे. आणि 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात ३२:१४ मध्ये, जेथे देवाने आपल्या लोकांना खाऊ घातलेल्या उत्तमोत्तम पदार्थांची यादी आहे, तेथे मुळात 'गव्हाच्या मूत्रपिंडांची चरबी' असे शब्द आहेत. शब्दाला शब्द हाच नियम असेल तर गव्हालाही मूत्रपिंडे असतात असे मानावे लागेल, आणि तीही चरबीयुक्त. त्या शब्दांचा अर्थ दाण्यातला अगदी आतला, सकस भाग, म्हणजेच उत्तम प्रतीचा गहू, असा आहे.

हा अर्थ कोठून आला असावा, हे पाहायला सेमिनरीत जावे लागत नाही. मागच्या नाताळाला मी मटणाच्या दुकानात उभा होतो. बोकड उभा चिरून, आतडी-कोथळा बाजूला झाल्यावर खाटकाने पाठीच्या कण्यालगतच्या पांढऱ्या चरबीच्या गोळ्यात बोटे घातली आणि सोलून गुर्दा बाहेर काढला. चरबी फोडीपर्यंत तो दिसतसुद्धा नव्हता. लेवीय ३ मध्ये शांत्यर्पणाच्या पशूची हीच दोन मूत्रपिंडे त्यांवरील चरबीसह वेदीवर जाळण्याची आज्ञा आहे. ज्या समाजात हे दृश्य रोजचे होते, त्या समाजाला माणसाच्या सर्वांत आतल्या, झाकलेल्या जागेसाठी हा शब्द सुचला असेल, तर त्यात नवल काय? देव मूत्रपिंडे पारखतो म्हणजे कोणाला न दिसणारे आतले माणूस पारखतो. हे वर्णन देवाच्या दृष्टीचे आहे, लघवीच्या तपासणीचे नव्हे. 'अंतर्याम' लिहिणाऱ्याने काही लपवलेले नाही. उलट 'मूत्रपिंड' लिहिले असते तर मराठी वाचकापासून अर्थच लपला असता, कारण आपल्याकडे हा शब्द केवळ डॉक्टरच्या तोंडी असतो.

आता पापाचे. संपूर्ण हिब्रू शास्त्रात मूत्रपिंडांवर प्रत्यक्ष घाव झाल्याचे जे वर्णन सर्वांत ठसठशीत आहे, ते ईयोब १६:१३ मध्ये आहे: देव माझी मूत्रपिंडे फोडतो, दया करीत नाही, असे ईयोब म्हणतो. आणि ईयोब कोण होता, तर पुस्तकाच्या पहिल्याच वचनात ज्याला सात्त्विक व सरळ म्हटले आहे तो. त्याच्या आजारामागे पाप असलेच पाहिजे असा धोशा लावणारे त्याचे मित्र होते, आणि ४२:७ मध्ये देवाचा कोप त्या मित्रांवर झाला आहे. एका आजारी बाईला तिचे पाप शोधायला लावणाऱ्या संदेशकर्त्याने आपण या पुस्तकातल्या कोणत्या बाजूला जाऊन बसलो आहोत, हे एकदा पाहून घ्यावे.

शब्दाला शब्द हेच प्रामाणिक भाषांतर, या मुद्द्याला माझे उत्तर नको. ज्यांचे हे शास्त्र, त्यांचेच उत्तर पुरेसे आहे. तालमूद या यहुदी धर्मग्रंथाच्या किद्दुशीन या भागात रब्बी यहूदा यांचे वचन आहे की, जो शास्त्रवचनाचा जसाच्या तसा तर्जुमा करतो तो खोटारडा, आणि जो त्यात भर घालतो तो देवनिंदक. हे वचन दोन्ही बाजूंना चपराक देणारे आहे, म्हणूनच मला ते मोलाचे वाटते: स्वैरपणाला त्यात मोकळीक नाही आणि शब्दांना चिकटून बसणेही निर्दोष ठरत नाही. सभास्थानातले, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळातले, तर्जुमेही याच वाटेने गेले. ओन्केलोसच्या तर्गुमात, म्हणजे अरामी भाषांतरात, अनुवाद १०:१६ मधील 'हृदयाची अग्रत्वचा छेदा' याऐवजी हृदयाचे मूढपण काढून टाका अशा अर्थाचे शब्द आहेत. त्याहूनही आधी, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात पंचग्रंथ, म्हणजे मोशेची पाच पुस्तके, ग्रीकमध्ये नेणाऱ्या यहुद्यांनी अनुवाद ३२:४ मधील 'खडक' काढून तेथे सरळ 'देव' लिहिले. मराठीत मात्र तो खडक ठेवणेच मला अधिक योग्य वाटते, कारण खडकासारखा पाठीशी उभा राहणारा माणूस मराठीला ठाऊक आहे. मात्र शब्दकोशात अर्थ जवळचा म्हणून तेथे 'दगड' लिहून पाहावे: 'परमेश्वर माझा दगड' हे वाक्य कोणत्या उपासनेत म्हणता येईल?

'हृदय' या साध्या वाटणाऱ्या शब्दातही हीच मेख आहे. हिब्रू 'लेव' म्हणजे हृदय, परंतु हिब्रू माणूस विचार आणि निश्चय त्या हृदयाने करतो. होशेय ७:११ मध्ये एफ्राईमला, म्हणजे इस्राएलाच्या उत्तरेकडील राज्याला, हृदय नसलेल्या पारव्याची उपमा आहे. मराठीत हृदय नसलेला म्हणजे निर्दय, पाषाणहृदयी. हिब्रूत मात्र त्याचा अर्थ बुद्धी नसलेला, कधी मिसरकडे तर कधी अश्शूरकडे भिरभिरणारा खुळा पक्षी असा आहे. येथे शब्द राखला तर संदेष्ट्याचा आरोपच बदलतो.

नाकाचे प्रकरण त्यामानाने गमतीचे आहे. निर्गम ३४:६ मध्ये देवाला 'एरेख अप्पायिम' म्हटले आहे, त्याचा अक्षरार्थ 'लांब नाकाचा' असा होतो, हे बरोबर. 'अफ' म्हणजे नाक आणि 'अफ' म्हणजेच राग, कारण रागावलेल्या माणसाच्या नाकपुड्या फुलतात आणि श्वास तापतो. ज्याचे नाक लांब त्याचा राग यायला वेळ लागतो, आणि नीतिसूत्रे १४:१७ मधला आखूड नाकाचा माणूस शीघ्रकोपी असतो. नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन वावरणारी माणसे घरोघरी असल्यामुळे मराठी वाचकाला नाक आणि राग यांचे नाते परके नाही. परंतु नाकाच्या लांबीतून संयम सुचवण्याची सोय मराठीत नाही. आपले नाक वर असते, खाली जाते किंवा कापले जाते, आणि या तिन्हींचा संबंध मानअपमानाशी आहे. म्हणून 'मंदक्रोध' हा शब्द योजणाऱ्याने अर्थ राखला, आणि तोही दोन शब्दांच्या सुबक समासात. यावरून देवाला शरीर आहे आणि ते लपवले गेले, असे म्हणणाऱ्याने सर्व तापट लोकांची नाके मोजून दाखवावीत.

मोशेच्या शिंगांचे उदाहरण तर संदेशाच्या मुळावरच उलटते. निर्गम ३४:२९ मधील 'कारन' हे क्रियापद 'केरेन' म्हणजे शिंग या नामाशी नाते सांगते, आणि जेरोम या ख्रिस्ती विद्वानाने आपल्या लॅटिन भाषांतरात ते नाते धरून मोशेचा चेहरा शिंगे असलेला केला. पुढे रोममधल्या सान पिएत्रो इन विन्कोली चर्चमध्ये मायकेलअँजेलोने घडवलेल्या मोशेच्या डोक्यावर ती शिंगे आली. ही चूक स्वैरपणाची नाही, शब्दाच्या मूळ धातूला धरून बसल्याची आहे. ग्रीक भाषांतरकारांनी तेथे मोशेचे मुख तेजस्वी झाले अशा अर्थाचे शब्द वापरले होते. शिंगांचा धोका मराठीत आणखी वेगळा आहे. १ शमुवेल २:१ मध्ये हन्ना म्हणते की परमेश्वराने माझे शिंग उंच केले, म्हणजे मला बळ आणि मान दिला. पण आपल्याकडे शिंगे फुटतात ती हाताबाहेर गेलेल्या पोराला. वर्षानुवर्षे सवतीचे टोमणे सोसून मूल झालेल्या आणि ते मूल शिलोच्या मंदिरात देऊन टाकणाऱ्या त्या बाईच्या तोंडी हे शब्द तळटीप न देता घातले, तर ऐकणाऱ्याला ती उद्धट वाटायची.

चित्राक्षरांच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची माझी इच्छा नाही. 'आलेफ' म्हणजे बैल आणि 'बेत' म्हणजे घर, म्हणून 'अब' म्हणजे बाप याचा गुप्त अर्थ 'घरातला बलवान' असा संदेशात लावला आहे. अक्षरांचा उगम चित्रांत आहे, सीनायमधल्या सेराबित अल-खादिमच्या खाणींपाशी तसे जुने लेखही सापडले आहेत, एवढे अर्धसत्य त्यात आहे. पण बैलाचे चित्र काढणाऱ्याला त्या शब्दाचा केवळ पहिला ध्वनी हवा होता, बैल नको होता. शिवाय अक्षरे जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून लेकरे बापाला हाक मारीत होती. बालवाडीच्या तक्त्यावर 'ब' बदकाचा आणि 'प' पतंगाचा असतो, यावरून मराठी बाप हा पतंग उडवणारा बदक ठरत असेल, तर मी हा मुद्दा मान्य करीन.

इंग्रजीवरून उतरवल्याचा आरोप दोन वाक्यांत संपतो. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले आणि १९२२ साली मृत्यूपर्यंत त्या त्याच कामात होत्या. त्याच्याही आधी, १८४६ मध्ये, कोकणातून आलेल्या बेने इस्राएल या यहुदी समाजासाठी मुंबईत हिब्रू हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह छापली गेली होती.

एक गोष्ट मात्र मला नाइलाजाने मान्य करावी लागते. भाषांतरात हरवते, आणि कधी कधी आपल्याच हाताने हरवते. यिर्मया १:११-१२ मध्ये संदेष्ट्याला बदामाची, म्हणजे 'शाकेद'ची, डहाळी दिसते आणि देव म्हणतो मी माझ्या वचनावर 'शोकेद', म्हणजे जागा आहे. मराठीत बदाम आणि जाग यांचा काही संबंध उरत नाही, आणि तळटीप नसेल तर वाचकाला देव विषय का बदलतो आहे तेच कळत नाही. तसेच जेथे मराठीजवळ हिब्रूइतकाच रक्तामांसाचा शब्द आहे, तेथे 'अंतःकरणा'कडे धावण्याचे कारण नसते. विलापगीत २:११ मध्ये यरुशलेमेची दुर्दशा पाहणाऱ्याची आतडी खवळली आहेत आणि त्याचे यकृत भूमीवर ओतले गेले आहे. आपल्याकडे आतडी तुटतात, काळजाचे पाणी होते, आणि खाटकाकडे काळीज मागितले की तो यकृतच तोलून देतो. एवढी तंतोतंत जुळणी फार थोड्या भाषांच्या नशिबी असेल, आणि तेथे 'मन' किंवा 'अंतःकरण' लिहिणे हा केवळ आळस आहे. प्रतिमा ठेवायची की बदलायची, हे प्रत्येक जागी हिब्रूत ती काय करते आणि मराठीत काय करील हे पाहूनच ठरते. सरसकट नियम सांगणाऱ्याने बहुधा एकही अध्याय स्वतः उतरवलेला नसतो.

आत्याला मी फोनवर यातले निम्मेच सांगितले. स्तोत्र १३९:१३ तिला पाठ आहे, 'तूच माझे अंतर्याम निर्माण केलेस'. तेथेही मुळात मूत्रपिंडेच आहेत, आणि ती आईच्या उदरात देवाने घडवलेली आहेत, हे सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ते ईयोबाचे आणि गव्हाचे वचन मला मोठ्या अक्षरांत लिहून पाठव. मंगळवारी चार तास मशीनवर असते, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही तो मेसेज आला आहे."