सेव्ह केलं का?

हे तीन शब्द रविवारपासून मला अकरा वेळा ऐकवण्यात आलेत. एकदा मी दिवा बंद केला तेव्हा, एकदा कपाटाला कुलूप लावलं तेव्हा, एकदा तर नुसता आंघोळ करून बाहेर आलो तेव्हा. ऐकवणारे माझे साडू. वेबसाईट आणि व्हॉट्सअ‍ॅप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे समजावण्यात ज्यांच्यामागे मी एकेकाळी अख्खी दुपार घालवलीय, तेच.

झालं एवढंच की आमच्या पडदे शिवून द्यायच्या धंद्याची वेबसाईट एका होस्टिंगवरून, म्हणजे साईट ठेवायच्या भाड्याच्या जागेवरून, दुसऱ्यावर न्यायची होती. कारण नेहमीचंच, पहिल्या वर्षी लाडालाडाने घरात घेतात आणि रिन्युअलला असा आकडा सांगतात की आपण साईट ठेवलीय की अख्खी इमारत भाड्याने घेतलीय कळेना. वर जागा म्हणे 'अनलिमिटेड'. खाली बारीक अक्षरात फाईलींच्या संख्येला मर्यादा. म्हणजे खोली हवी तेवढी मोठी, फक्त सामान मोजून ठेवा. असो, तो विषय काढला की माझं बीपी वाढतं.

शुक्रवारी रात्री डेटाबेस, म्हणजे साईटवरचा सगळा मजकूर, एकदाचा चढला आणि नवी साईट उघडली तर मराठीचा मागमूस नाही. 'पडदे' लिहिलं होतं तिथं डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याला चिकटून चार पाय फुटलेलं वर्तुळ, मग परत ए, परत वर्तुळ, मध्येच कुठून तरी जपानी येनचं चिन्ह. पानच्या पान ढेकणांनी भरलेलं. भानगड अशी की अक्षरं साठवायच्या यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, आणि माझा इम्पोर्ट ते लॅटिन-1 या एका बाइटला एक अक्षर मानणाऱ्या जुन्या पद्धतीतलं समजून एकेक बाइट सुटा वाचत होता. पहिल्याचा ए, दुसऱ्याचा ढेकूण नाहीतर येन, तिसऱ्याचं जे काय होईल ते. सगळं पुसलं, कॅरेक्टर सेट नीट लावून परत चढवलं, रात्रीचे दोन वाजले. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढे जे झालं ते वाचून तुम्हाला वाटेल की या माणसाला काही येत नाही, तर तसं नाहीये.

आता, डोमेन, म्हणजे साईटचं नाव, नव्या जागेकडे न वळवता नवी साईट आधी बघून घ्यायची एक जुनी युक्ती आहे. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये होस्ट्स नावाची साधी टेक्स्ट फाईल असते, तिच्यात साईटचं नाव आणि आयपी, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता, लिहिला की तो कॉम्प्युटर बाहेर कुणाला न विचारता थेट तिकडे जातो. 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिसने डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी व्यवस्था, मांडलं, त्याच्याआधी सगळ्या नेटवर्कची नावं अशा एकाच यादीत असायची आणि जो तो ती यादी उतरवून घ्यायचा. त्या काळाची ही उरलेली शेपटी. तर मी तिच्यात एक ओळ लिहिली, नवी साईट बघितली, खूश झालो, झोपलो. ती ओळ तिथंच राहिली. तुम्ही लक्षात ठेवा, मी ठेवली नाही.

शनिवारी सकाळी डोमेनच्या पॅनेलमध्ये जाऊन नेमसर्व्हर, म्हणजे साईटचा पत्ता सांगणारे सर्व्हर, बदलले आणि लॅपटॉपवर साईट उघडली. नवी! मी लॅपटॉप साडूंपुढे सरकवला. ते दोन दिवसांसाठी आले होते आणि त्यांना करण्यासारखं काही नव्हतं, हेच सगळ्याचं मूळ.

"छान झालीय," ते म्हणाले. मग आपला फोन काढला, चष्मा वर केला, फोन लांब धरला. "माझ्यात जुनीच आहे."

"येईल हो. प्रोपगेशन म्हणतात त्याला."

"म्हणजे?"

मला हेच हवं होतं. मी त्यांना सांगितलं की जगभरचे सर्व्हर जुना पत्ता काही काळ लक्षात ठेवतात, किती काळ ते टीटीएल नावाच्या आकड्यावर ठरतं, आणि डॉट कॉमच्या नेमसर्व्हरच्या नोंदीला तो 1,72,800 सेकंद असतो. साडू 31 वर्षं बँकेत होते. त्यांनी फोनवर कॅलक्युलेटर उघडला, 3,600 ने भागलं. "48 तास. बरोबर आहे."

त्यानंतर ते दर तासाला बुलेटिन द्यायला लागले. "अजून जुनी." जेवायच्या आधी, "जुनी." रात्री मी दात घासत असताना दाराबाहेरून, "जुनीच बरं का." रविवारी सकाळी त्यांनी आपल्या मुलीला फोन लावला, तिच्याकडेही जुनी, व्याह्यांकडेही जुनी. मी हसून म्हटलं, तुमच्या सगळ्यांच्या कॅशमध्ये आहे. कॅश म्हणजे रोख नव्हे, लक्षात ठेवलेली जुनी नोंद, हे परत वेगळं समजवावं लागलं.

मनात मात्र धाकधूक होतीच, म्हणून सपोर्टच्या चॅटवर गेलो. तिथं एक अतिशय विनम्र माणूस, किंवा यंत्र, म्हणाला 48 तास थांबा. मी म्हटलं, 30 झालेत, तुम्ही एकदा तुमच्या बाजूने बघता का? म्हणाला, आम्ही तुमची अडचण समजू शकतो, 48 तास थांबा. असं चार वेळा. आणि शेवटी पाच तारे द्या. अहो, बघायला एक मिनिट लागलं असतं! पण 48 तास हे उत्तर इतकं सोयीचं आहे की आत काय झालंय ते बघायची गरजच कुणाला वाटत नाही. (शनिवारपासून मीही तेच उत्तर देत होतो, हे मला मान्य आहे, पण मी पगार घेत नव्हतो.)

संध्याकाळी मी पॅनेल उघडून बसलो होतो आणि साडू मागे येऊन उभे राहिले.

"हे पिवळं काय आहे?"

"कुठलं?"

"ही पट्टी. तुमचे बदल जतन केलेले नाहीत, असं लिहिलंय."

"ते असंच येत असतं हो सगळ्यांना."

"31 वर्षं फॉर्म बघितलेत मी," ते शांतपणे म्हणाले. "सगळं भरलेलं असतं, सही नसते. सहीची जागा कुठाय?"

सहीची जागा नव्हतीच. म्हणजे होती, खाली उजव्या कोपऱ्यात, आणि तिच्यावर बरोबर तो गोल फुगा बसला होता, 'मी आपली काय मदत करू?' म्हणणारा. फुगा बाजूला केला. खाली निळं बटन. सेव्ह.

मी ते दाबलं. खोलीत कुणी काही बोललं नाही. मग मला होस्ट्स फाईल आठवली. दोन दिवस अख्ख्या जगात फक्त माझ्या लॅपटॉपवर नवी साईट दिसत होती, कारण मीच त्याला तसं खोटं सांगून ठेवलं होतं. ती ओळ काढली, साईट परत उघडली. जुनी.

"माझ्यात बदललं!" साडू ओरडले. आणि मग, "पण हे लाल काय? हल्लेखोर तुमची माहिती चोरत असतील, म्हणतंय. हल्लेखोर म्हणजे तुम्हीच का?"

एसएसएल सर्टिफिकेट, म्हणजे साईट सुरक्षित असल्याचा दाखला. डोमेन नव्या सर्व्हरकडे वळल्याशिवाय ते सहसा मिळत नाही, हे त्यांना सांगायची माझ्यात ताकद उरली नव्हती. अर्ध्या तासात ते आलं. त्यांच्या फोनवर कुलूप लागलेली, नवीकोरी, ढेकूणमुक्त साईट. माझ्या लॅपटॉपवर जुनी. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"येईल," म्हणाले. "प्रोपगेशन म्हणतात त्याला."

बायको स्वयंपाकघरात जाऊन हसली, पण ऐकू येईल एवढ्या मोठ्याने.

काल सकाळी ते गेले. आज दुपारी फोन. "अहो, तुमच्या धंद्याच्या ईमेलवर काल अभिनंदन पाठवलं होतं, बघितलं का?"

नव्हतं आलं. आणि मग एकदम लक्षात आलं की कालपासून काहीच आलेलं नाहीये, ना कुणाची चौकशी, ना मापं, ना साध्या स्पॅमचा तुकडा. मेल कुठं पोचवायची ते सांगणारं एमएक्स रेकॉर्ड जुन्या नेमसर्व्हरवरच राहिलं होतं. नव्या ठिकाणी मी ते नेलंच नव्हतं.

"येईल," मी म्हटलं. "48 तास लागतात."

पलीकडे जरा वेळ शांतता.

"सेव्ह केलं होतं ना?"