‘पावसाचं निमित्त सांगतात’ या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

दोन तारे दिलेत, हरकत नाही. पण सोबत चार स्वच्छ फोटो टाकलेत, त्याबद्दल खरोखर आभार. फोटोंमुळे अंदाज बांधत बसावं लागत नाही. आपली तक्रार थोडक्यात अशी: १९६७ ची माँटे कार्लो रॅली जिंकलेल्या मिनी कूपर १२७५ एसचं तामिया कंपनीचं १/२४ प्लास्टिक मॉडेल किट आणि सोबत प्रायमर (रंगाआधीचं अस्तर), लाल, पांढरा, क्लिअर (वरचा पारदर्शक थर) असे चार स्प्रे कॅन जुलैत आमच्याकडून घेतले. क्लिअर मारल्यावर लाल रंग दुधाळ झाला, पांढरं छप्पर गुलाबी पडलं, बॉनेटवरचं डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) सुरकुतलं, काचा धुरकटल्या. कॅन जुने असणार. पैसे परत मागितले तर दुकानदार पावसाचं निमित्त सांगतात.

पाऊस हे निमित्त नाही, कारण आहे. आपण घेतलेले तामियाच्या टीएस मालिकेतले रंग लॅकर, म्हणजे सॉल्व्हंट उडून वाळणारे रंग आहेत. त्यातलं सॉल्व्हंट झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असली की त्याने काही बिघडत नाही. जुलैत मुंबई-ठाण्याच्या हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत पृष्ठभाग नुसता तीन अंशांनी गार झाला तरी त्यावर दव धरतं. ते पाणी ओल्या थरात अडकतं, वरून थर वाळतो, आणि आत राहिलेले सूक्ष्म थेंब प्रकाश विखुरतात. आपल्याला दिसतं ते दुधाळपण म्हणजे हेच. लाल आणि काळ्या रंगावर ते डोळ्यांत भरतं. पांढऱ्यावर तितकंच झालेलं असूनही कळत नाही.

आता आपला दुसरा फोटो बघा. पांढरट छटा बॉनेट आणि डिकीवर आहे, दारं जवळजवळ स्वच्छ आहेत. आडव्या भागांवर थर जाड आणि ओला बसला, तो वाळायला जास्त वेळ लागला, तिथेच ओल अडकली. कॅन खराब असता तर त्याने दारं सोडून बॉनेट निवडलं नसतं. खराब कॅनची लक्षणं वेगळी: दाब कमी पडतो, फवारा न येता थुंकल्यासारखे थेंब येतात, रंगाच्या कॅनमध्ये हलवल्यावर आतल्या गोळीचा खडखडाट ऐकू येत नाही कारण रंगद्रव्य तळाशी घट्ट बसलेलं असतं. क्लिअरमध्ये तर रंगद्रव्यच नसतं.

तरीही आमच्या शब्दावर विसंबू नका. तोच टीएस-१३, म्हणजे क्लिअरचा कॅन, आणि लालचा कॅन दुकानात घेऊन या. आमच्या रंगखोलीत डीह्युमिडिफायर आहे. तिथे आपल्यासमोर, आपल्याच कॅनमधून, किटच्या रिकाम्या स्प्रूवर (सुटे भाग ज्यात जोडून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवर) आधी लाल आणि त्यावर क्लिअर मारू. (पूर्वी चाचणीला प्लास्टिकचे चमचे वापरायचे. २०२२ च्या बंदीनंतर स्प्रूच बरा, शिवाय प्लास्टिक तेच.) क्लिअर दुधाळ आला तर चारही कॅनचे पैसे परत. उघडलेला कॅन नुसत्या तक्रारीवर परत घेत नाही, हा नियम मात्र बिलावर छापलेला आहे आणि तो तसाच राहील.

आता गाडीबद्दल. बॉडी पूर्ण धुऊन काढू नका, असा आमचा सल्ला आहे. दारांवरचे १७७ क्रमांकाचे डेकल आपण फार नीट बसवलेत, कडेला चांदीसारखी झाक कुठेही नाही. रंग उतरवला तर ते जातील आणि सुटी डेकलशीट आम्ही विकत नाही.

दुधाळपणा बहुतेक वेळा निघतो. उघडिपीचा दिवस गाठा, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. साधा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) जवळ ठेवा. काटा ६५ च्या खाली असेल तरच क्लिअर मारायचा, आणि मुंबईत तो खाली येतच नसेल तर सरळ ऑक्टोबरची वाट बघायची. कॅन दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, हाताला सोसेल इतकंच गरम. गॅसजवळ अजिबात नको. २५ सेंटिमीटरवरून आधी अगदी हलका हात, पंधरा मिनिटांनी दुसरा, मग एक थोडा ओलसर. नव्या थरातलं सॉल्व्हंट जुना थर पुन्हा मऊ करतं आणि अडकलेली ओल निघून जायला वाट मिळते. एअरब्रश असेल तर मिस्टर लेव्हलिंग थिनरचा नुसता फवाराही पुरतो. हे थिनर सावकाश उडतं, त्यामुळे पृष्ठभाग तितका गार पडत नाही.

एसीच्या बाबतीत बरेच जण फसतात. एसीच्या खोलीतली गार बॉडी बाहेर गॅलरीत आणून लगेच स्प्रे मारला तर दव आधीच तयार असतं. बॉडी अर्धा तास बाहेर ठेवून हवेच्या तापमानाला येऊ द्या. आणि एसी चालू असलेल्या बंद खोलीत कॅन मारू नका, त्यातला वायू ज्वालाग्राही असतो. स्प्रे झाल्यावर पाच मिनिटांनी बॉडीवर मोठा डबा उपडा घाला, आत सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या. धूळही बसत नाही, ओलही नाही.

छपराचा गुलाबीपणा मात्र पावसाने झालेला नाही. तिसऱ्या फोटोत गटारपट्टीच्या (छपराच्या काठावरच्या पन्हळीच्या) कडेला पांढऱ्याखाली लाल दिसतो, म्हणजे आधी सगळी बॉडी लाल झाली आणि छपरावर नंतर पांढरा आला. लाल लॅकर पांढऱ्यातून वर झिरपतं. पांढऱ्यातलं सॉल्व्हंट खालचा लाल विरघळवतं आणि तो वर चढतो, मग पांढऱ्याचे कितीही हात द्या. शिवाय प्रत्येक हाताने गटारपट्टीचं कोरीव काम बुजत जातं. यावर इलाज चंदेरीचा. बाकी बॉडी झाका, छप्पर २००० च्या पॉलिशपेपरने पाण्यात भिजवून चमक जाईपर्यंत घासा, टीएस-३० सिल्व्हर लीफचे दोन पातळ हात द्या आणि २४ तास थांबा. धातूचे चपटे कण एकमेकांवर आडवे बसतात आणि लालला वर येऊ देत नाहीत. मग टीएस-२६ पांढऱ्याचे चार-पाच पातळ हात, दर दहा-पंधरा मिनिटांनी. पहिल्या दोन हातांत छप्पर राखाडी दिसेल, तरी जाड मारायचा मोह नको.

पुढच्या दुरंगी गाडीला क्रम उलटा ठेवा: प्रायमर, पांढरा, दोन दिवस विश्रांती, छपरावर मास्किंग टेप, टेपच्या कडेवर पुन्हा पांढऱ्याचा एक हलका फवारा म्हणजे काही झिरपलंच तर पांढराच झिरपेल, आणि मग लाल. पांढऱ्यावर लाल उजळही दिसतो. करड्या प्रायमरवर थेट मारलेला टीएस-८ लाल जरा मळकट वाटतो, निदान आमच्या डोळ्यांना.

डेकलची गोष्ट क्लिअरशीच जोडलेली. लॅकरचा ओला थर डेकलची फिल्म वितळवतो. दारांवर थर पातळ बसला म्हणून ते वाचले, बॉनेटवर साचला म्हणून रॅलीची पाटी गेली. डेकल लावल्यावर एरवी २४ तास, पावसाळ्यात ४८ तास थांबायचं, आणि पहिले दोन-तीन हात इतके कोरडे की बॉडी खरखरीत वाटावी. सुरकुतलेली पाटी क्लिअरखाली गेली आहे, त्यामुळे आता मार्क सॉफ्टर (डेकल मऊ करणारं द्रव) लावून उपयोग नाही. २००० ने घासून काढावी लागेल. खालचा लाल उघडा पडला तर फक्त बॉनेटला लालचा एक हात. नवी पाटी घरच्या प्रिंटरवर छापता येते, पण पांढऱ्या डेकल पेपरवर. पारदर्शक पेपरवर छापलीत तर लालवर काहीच दिसणार नाही, कारण प्रिंटर पांढरी शाई छापत नाही.

काचांबद्दल थोडक्यात. ही धूसर पुटं फेविक्विकच्या वाफेची आहेत. सायनोअ‍ॅक्रिलेट कुठल्याही कंपनीचं असो, बंद बॉडीत त्याची वाफ काचेवर बसतेच. तामियाच्या फिनिश कंपाउंडने मऊ कापडावर घासून बहुतेक निघेल. पुन्हा चिकटवताना साधा पांढरा फेविकॉल टूथपिकच्या टोकाने लावा, रात्रभर वाळू द्या.

एक धोक्याची सूचना, कारण अभिप्रायाखाली कोणीतरी आपल्याला ‘हार्डवेअरमधून थिनर आणून सगळं पुसून टाका’ असं सुचवलंय. कृपया नको. एनसी थिनर आणि अ‍ॅसिटोन पॉलिस्टायरीन वितळवतात, रंगाबरोबर दारांच्या रेषाही जातील. कधी रंग उतरवायची वेळ आलीच तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, झाकणाच्या डब्यात रात्रभर, आणि मग जुना टूथब्रश. मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात ते मिळतं.

किमतीचं म्हणाल तर कॅन ज्वालाग्राही असल्याने विमानाने येत नाहीत, समुद्रमार्गे येतात. वाहतूक, आयात शुल्क आणि कर धरून जो आकडा होतो तो आपल्याला जास्त वाटला, यात नवल नाही. एकाच गाडीपुरता रंग हवा असेल तर तामियाच्या एलपी लॅकरच्या दहा मिलिलिटरच्या बाटल्या स्वस्त पडतात, पण त्यांना एअरब्रश लागतो. ब्रशने बॉडीवर लॅकर गुळगुळीत बसत नाही.

चाचणीसाठी कधीही या, सोमवारी दुकान बंद असतं. बॉडी सोबत आणणार असाल तर वर्तमानपत्रात गुंडाळू नका. लॅकर वरून कोरडं वाटलं तरी आठवडाभर आतून मऊ असतं आणि कागदाची सुरकुती, कधी छापील अक्षरंही त्यावर उमटतात. स्प्रे करताना बॉडी ज्या काडीवर धरली होती त्याच काडीवर ठेवून कडक डब्यात आणा, म्हणजे रंगाला कशाचाच स्पर्श होणार नाही.