माया दिनदर्शिका संपलेली नाही

‘नाहीशा झालेल्या माया लोकांना जगाचा शेवट कळला होता, म्हणून त्यांची दिनदर्शिका २१ डिसेंबर २०१२ला संपते,’ हा मेक्सिको-ग्वातेमालाकडच्या माया लोकांबद्दलचा दावा व्हिडिओंमधून वर्षानुवर्षं फिरतोय. तो दिवस सुखरूप गेला, तर ‘हिशोब चुकला, खरी तारीख २१ जून २०२०’ अशी पुरवणी जोडली गेली.

आधी त्या व्हिडिओंत गरगर फिरणारा गोल दगड पाहू. तो मायांचा नाहीच. तो अ‍ॅझ्टेकांचा सूर्यदगड आहे, १७९० साली मेक्सिको शहरात सापडलेला. लोक वेगळे, भाषा वेगळी.

आता ‘संपते’बद्दल. मायांची दीर्घ गणना म्हणजे एका ठरावीक दिवसापासून सलग दिवस मोजत जाणं; तिच्यात १,४४,००० दिवसांचा एक बक्तुन. इसवी सनपूर्व ३११४पासून मोजलेले १३ बक्तुन २०१२मध्ये पुरे झाले आणि दुसऱ्या दिवशी पुढचा आकडा लागला: १३.०.०.०.१, म्हणजे १३ बक्तुन आणि वर एक दिवस. पालेंके या जुन्या माया शहरातल्या शिलालेखांच्या मंदिरात तर राजा पाकालच्या राज्यारोहणाचा दिवस थेट इ.स. ४७७२पर्यंत पुढे मोजलाय. २०१२ला जग बुडणार असं मानणारा माणूस ४७७२ची तारीख दगडात कशाला कोरून घेईल?

२०२०ची पुरवणी म्हणजे साधी गणिताची चूक. ब्रिटनने १७५२मध्ये दिनदर्शिका बदलताना ११ दिवस गाळले, एकदाच. दावा करणाऱ्यांनी ते दरवर्षी गाळले आणि आठ वर्षं पैदा केली.

मला खरं वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. या दिनदर्शिकेचा गाभा आवर्तनात आहे आणि व्हिडिओ हे माध्यम आवर्तन दाखवायला किती चांगलं! १३ अंक आणि २० दिवसनावं यांच्या जोड्यांतून २६० दिवसांचं एक चक्र होतं. दुसरं ३६५ दिवसांचं: वीस-वीस दिवसांचे १८ महिने आणि वर ५ दिवस. दालनात शेजारी-शेजारी दोन पडदे लावा. एकावर २६० सेकंदांची चित्रफीत, दुसऱ्यावर ३६५ सेकंदांची, दोन्ही अखंड चालू. एकत्र सुरू केल्या की दुसऱ्याच फेरीपासून त्यांची जुळणी सुटते आणि मधल्या प्रत्येक क्षणाला समोर नवीच जोडी दिसते. दोन्ही पुन्हा एकदम पहिल्या चौकटीवर यायला १८,९८० सेकंद लागतात, म्हणजे ५ तास १६ मिनिटं २० सेकंद. सेकंदाच्या जागी दिवस धरा, की मायांचं सुमारे ५२ वर्षांचं मोठं चक्र मिळतं. प्रलयाचं संगीत न लावताही हे पाहताना माणूस खिळून राहील.

उरला ‘नाहीशा झालेल्या’ हा शब्द. नवव्या शतकाच्या सुमारास दक्षिणेकडची अनेक शहरं ओस पडली, हे खरं. पण माया भाषा बोलणारी लाखो माणसं मेक्सिको, ग्वातेमाला आणि आसपास आज राहतात. ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातले किचे या माया समाजाचे दिवसगणक, म्हणजे दिवसांचा हिशोब ठेवणारे, २६० दिवसांची मोजणी अजून करतात. तिथल्या मोमोस्तेनांगो गावात ‘आठ बात्स’ (अंक आणि दिवसनाव यांची जोडी) या दिवशी नव्या दिवसगणकांना दीक्षा मिळते आणि तो दिवस दर २६० दिवसांनी येतो. २१ डिसेंबर २०१२ला त्यांच्या मोजणीत ‘चार अख्पू’ होता. दुसऱ्या दिवशी ‘पाच इमोश’.