लिस्ट आणि बॉडी एकच? मुळीच नाही

परीक्षेच्या तोंडावर जळगाव-भुसावळकडच्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: 'सी प्लस प्लसमध्ये इनिशियलायझर लिस्ट ही नुसती लिहिण्याची पद्धत आहे, बॉडीत किंमत दिली तरी तेच. लिस्टमध्ये जो क्रम, त्याच क्रमाने मेंबर भरतात. बेस क्लासचे कन्स्ट्रक्टर डिराइव्ह्ड क्लासला आपोआप मिळतात.' तिन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि पोरं ती पाठ करताहेत. कन्स्ट्रक्टर म्हणजे क्लासचा ऑब्जेक्ट तयार करणारं फंक्शन. त्याच्या महिरपी कंसातला कोड ती बॉडी; त्याआधी कोलन देऊन मेंबरच्या, म्हणजे क्लासमधल्या व्हेरिएबलच्या, किमती लिहितात ती इनिशियलायझर लिस्ट.

पहिलं वाक्य. बॉडीचा कंस उघडतो तोवर सगळे मेंबर तयार झालेले असतात. बॉडीत होते ती असाइनमेंट, म्हणजे तयार मेंबरला नंतर दिलेली किंमत. म्हणून कॉन्स्ट, म्हणजे नंतर न बदलणाऱ्या, मेंबरला तिथे किंमत देऊन बघा, कंपायलर अडवतो. स्ट्रिंग आधी रिकामी तयार होते, मग भरते, काम दोनदा. साध्या इंटला फरक जाणवत नाही, आणि शिकवताना उदाहरणं बहुतेक इंटचीच देतात.

दुसरं जास्त घातक, कारण इथे एरर येत नाही. रावेरकडच्या एका विद्यार्थ्याने केळीच्या गाडीसाठी 'खेप' नावाचा क्लास लिहिला. क्लासमध्ये मेंबर जाहीर केले ते असे: वर एकूण वजन, खाली घडांची संख्या आणि सरासरी वजन. लिस्टमध्ये मात्र संख्या, सरासरी आणि शेवटी एकूण, म्हणजे दोघांचा गुणाकार. 500 घड, सरासरी 20 किलो. यायला हवे 10,000. स्क्रीनवर भलताच आकडा. "सर, लिस्टमा क्रम बराबर शे ना!" होताच. पण मेंबर क्लासमध्ये ज्या क्रमाने जाहीर केलेत, त्याच क्रमाने तयार होतात. एकूणचा गुणाकार झाला तेव्हा बाकी दोघांत कचरा होता. क्लासमधली एकूणची ती एक ओळ खाली नेली आणि 10,000 आले. नियमाला कारण आहे: कन्स्ट्रक्टर अनेक, प्रत्येकाची लिस्ट वेगळी; ऑब्जेक्ट मोडणारा डिस्ट्रक्टर एकच, आणि त्याला मेंबर उलट्या क्रमाने मोडायचे असतात. वॉर्निंग चालू ठेवा, जीसीसी हा कंपायलर हे दाखवून देतो.

तिसरं. ज्या क्लासवरून दुसरा क्लास बनवतात तो बेस, बनलेला तो डिराइव्ह्ड. डिराइव्ह्डचा कन्स्ट्रक्टर लिहिताना आपोआप चालतो तो फक्त बेसचा डीफॉल्ट, म्हणजे काही न देता चालणारा, कन्स्ट्रक्टर. बाकीचे हवे असतील तर 2011च्या स्टँडर्डपासून 'युजिंग' लिहून मागावे लागतात, नाहीतर लिस्टमधून बेसला कॉल करायचा. 'खेप'वरून बनवलेल्या 'निर्यातखेप'च्या कन्स्ट्रक्टरच्या बॉडीत 'खेप'चा कन्स्ट्रक्टर 500 देऊन बोलावला, तर एक वेगळीच तात्पुरती खेप तयार होते आणि त्याच ओळीवर संपते. आपल्या खेपेला ते 500 कधी मिळतच नाहीत.